'फेअर' या एका शब्दावर कोश तपासा: अप्पा बळवंत चौकातल्या खरेदीसाठी

शाळा सुरू व्हायच्या सुमारास पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात 'इंग्रजी-मराठी डिक्शनरी दाखवा' म्हटलं की काउंटरवर दोन-तीन जाडजूड पुस्तकं येतात. गिऱ्हाईक मुखपृष्ठावरची शब्दसंख्या बघतं, किंमत बघतं आणि त्यातलं एक उचलतं. इथेच चूक होते. 'फोटोसिंथेसिस' म्हणजे प्रकाशसंश्लेषण हे कुठलाही कोश बरोबर सांगतो, कारण त्या शब्दाला अर्थच एक आहे. कोशाची परीक्षा होते ती छोट्या, रोजच्या वापरातल्या, दहा अर्थांच्या शब्दावर. असा एक शब्द म्हणजे 'फेअर', स्पेलिंग एफ-ए-आय-आर. दुकानात विकत मिळणारे आणि फोनवर फुकट बघता येणारे कोश या एकाच शब्दावर कसे उतरतात, ते इथे सांगितलं आहे.

मराठी मुलाला हा शब्द कोशाच्या कितीतरी आधी भेटतो. 'रफ वही आणि फेअर वही' हे दुसरी-तिसरीतच कानावर पडतं, आणि तिथे फेअर म्हणजे पक्की. तेच मूल पाचवीत कोश उघडतं तेव्हा समोर येतं: 'गोरा, सुंदर, न्यायी, योग्य, स्वच्छ, जत्रा'. पक्कं काही नाहीच. त्याला माहीत असलेला एकमेव अर्थ कोशात सापडत नाही, आणि जे सापडतात त्यांचा एकमेकांशी मेळ लागत नाही.

आधी शब्द नीट पाहू

स्पेलिंग एक असलं तरी हे शब्द दोन आहेत. पहिला विशेषण. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता देखणा, डोळ्यांना सुखावणारा. त्याला पुढे फाटे फुटले: डाग नाही ते स्वच्छ, ढग नाहीत ते निरभ्र, उजळ वर्णाचं ते गोरं, आणि मनात काळंबेरं नाही ते न्याय्य. दुसरा शब्द नाम आहे. लॅटिनमधल्या 'फेरिया' म्हणजे सणाच्या, सुटीच्या दिवसावरून तो जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. सणाला माणसं जमली, बाजार भरला आणि त्या बाजारालाच ते नाव पडलं. मराठीत देवाच्या 'यात्रे'ची 'जत्रा' झाली ती याच वाटेने. तेव्हा गोऱ्या रंगाचा आणि जत्रेचा काही संबंध नाही. नीट बनवलेला कोश या दोघांना दोन स्वतंत्र नोंदी देतो, बहुधा शब्दाच्या डोक्यावर बारीक १ आणि २ असे आकडे घालून. तिसरा एक शब्द, एफ-ए-आर-ई, उच्चाराने अगदी हाच, अर्थ भाडं. देवनागरीत दोन्ही 'फेअर'च होतात. म्हणून पीएमपीच्या बसभाड्याबद्दल किंवा विमानाच्या तिकिटाबद्दल मराठीत लिहिताना 'फेअर' न लिहिता 'भाडं' लिहिलेलं बरं.

आता अर्थ. सगळ्यांत दाट वस्ती न्यायाच्या बाजूला आहे. रास्त, वाजवी, न्याय्य, उचित, निःपक्षपाती हे पाचही शब्द 'फेअर'साठी येतात, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. किंमत, भाडं, नफा, अपेक्षा वाजवी असते. निकाल आणि वाटणी न्याय्य असते. पंच आणि परीक्षक निःपक्षपाती असतात. प्रश्न, तक्रार, शंका रास्त असते. 'वाजवी न्यायाधीश' असं कुणी म्हणत नाही आणि 'निःपक्षपाती किंमत' असंही नाही. 'रास्त' हा मूळ फारसी शब्द मराठीत आज थोड्याच जागी उरला आहे, पण जिथे आहे तिथे पक्का आहे. पुण्याच्या कुठल्याही पेठेतल्या रेशन दुकानाची पाटी वाचा: 'रास्त भाव दुकान'. 'फेअर प्राइस शॉप'चं यापेक्षा चांगलं मराठी होणार नाही.

दुसरा मोठा गट 'बरा, साधारण, बऱ्यापैकी' हा. सर्वांत जास्त घोटाळे इथे होतात, कारण शाळकरी कोशांत हा अर्थ शेवटी असतो किंवा गळालेला असतो. मूल्यमापनाच्या तक्त्यात पुअर, फेअर, गुड, व्हेरी गुड, एक्सलंट अशी चढण असते. फेअर खालून दुसरा, म्हणजे 'बरा'. रुग्णालयाच्या कागदावर 'जनरल कंडिशन फेअर' किंवा नुसतं 'जीसी फेअर' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ प्रकृती साधारण बरी आहे. 'छान आहे' असा त्याचा अर्थ नातेवाइकांनी घेऊ नये, आणि अनुवादकाने तर तिथे 'उत्तम' कधीच लिहू नये. 'फेअर चान्स' म्हणजे बऱ्यापैकी शक्यता, 'फेअर नंबर' म्हणजे बरेच. याचं क्रियाविशेषण 'फेअरली' दोन्ही घरं राखतं: कुणाला 'फेअरली' वागवलं तर न्यायाने वागवलं, आणि हवा 'फेअरली कोल्ड' असेल तर बऱ्यापैकी थंडी आहे.

हवामानाचा अर्थ पुण्यात तरी विसरता कामा नये. हवामान खात्याचं शिमला ऑफिस इथलंच. जुन्या पद्धतीच्या घड्याळासारख्या वायुभारमापकाच्या तबकडीवर वादळ, पाऊस, बदल यांच्या पुढे 'फेअर' छापलेलं असतं. मराठीत याला दोन शब्द लागतात. एरवी 'निरभ्र' किंवा 'स्वच्छ', पण पावसाळ्यात सलग सरींनंतर दोन दिवस पाऊस थांबला तर ती 'उघडीप'. इंग्रजीत 'फेअर स्पेल' म्हणतात ते हेच. कोशात उघडीप दिलेली असेल तर संपादकाला मराठी येतं, असं समजायला हरकत नाही.

वर्णाच्या अर्थात मराठी इंग्रजीपेक्षा बारीक आहे: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. केसांना मात्र गोरं म्हणत नाहीत. 'फेअर हेअर' म्हणजे सोनेरी किंवा पिंगट केस. या अर्थाला आज जगभर जपून हात लावतात. २०२० साली एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं गेलं. नवा कोश घेताना 'फेअर'चा पहिला अर्थ म्हणून 'गोरा' छापलेला असेल तर तो संपादक निदान तीस वर्षं मागे आहे. आजच्या इंग्रजीत पहिला मान न्याय्य-वाजवीचा.

मग पक्की प्रत. मसुदा कच्चा, त्यावरून उतरवलेली ती 'फेअर कॉपी'. सरकारी मराठीत तिला 'स्वच्छ प्रत' म्हणतात, शाळेत 'पक्की वही'. क्रिकेटमध्ये 'फेअर डिलिव्हरी' म्हणजे नियमाला धरून टाकलेला, वैध चेंडू. एमसीसीच्या २०१७ च्या नियमावलीत ४१ वा नियम 'अनफेअर प्ले'चा आहे. त्याला छापील मराठीत 'अनुचित खेळ' म्हणतील, गल्लीत 'रडीचा डाव'.

आणि नामातल्या 'फेअर'ला एक मराठी शब्द कधीच पुरत नाही. चतुःशृंगीची जत्रा ही जत्रा. भीमथडी जत्रेने तोच शब्द शहरी प्रदर्शनाला लावला आणि तो शोभलाही. पण 'जॉब फेअर' म्हणजे रोजगार मेळावा, 'सायन्स फेअर' म्हणजे विज्ञान प्रदर्शन, 'फन फेअर' म्हणजे आनंद मेळा, 'बुक फेअर' म्हणजे पुस्तक प्रदर्शन किंवा महोत्सव. 'नोकऱ्यांची जत्रा' असं भाषांतर झालं तर तिथे कोशाने एकच शब्द देऊन हात झटकलेले असतात.

वाक्प्रचारांत तर शब्दशः काहीच चालत नाही. 'ऑल इज फेअर इन लव्ह अँड वॉर' हे मराठीत 'प्रेमात आणि युद्धात सगळं क्षम्य असतं' असं रुळलं आहे, आणि 'क्षम्य' हा अर्थ 'फेअर'च्या नोंदीत शोधून सापडायचा नाही. 'फेअर-वेदर फ्रेंड'साठी आपल्याकडे आधीपासून म्हण तयार आहे: असतील शितं तर जमतील भुतं. संवादातलं 'फेअर इनफ' म्हणजे 'बरं, पटलं'. 'टु बी फेअर' म्हणजे 'खरं सांगायचं तर', 'त्याची बाजू घ्यायची तर'. भाडेकरारातलं 'फेअर वेअर अँड टेअर' म्हणजे नेहमीच्या वापराने होणारी झीज. कोथरूड-कर्वेनगरात अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या प्रत्येकाने हा शब्द समजून घेतला पाहिजे, कारण अनामत रकमेतून काय कापता येईल आणि काय नाही याचा वाद तिथेच होतो.

शाळकरी त्रिभाषी कोश

इंग्रजी-इंग्रजी-मराठी असा छापलेला, दप्तरात मावणारा, पाचवी ते दहावीसाठी सर्रास घेतला जाणारा हा प्रकार. याचे फायदे खरे आहेत. शब्द पटकन सापडतो, उच्चार देवनागरीत दिलेला असतो, किंमत घराला झेपते. पाचवी ते आठवीसाठी देवनागरी उच्चार पुरतो. 'फेअर'मधला शेवटचा 'र' ब्रिटिश उच्चारात जवळजवळ गळतो, भारतीय बोलण्यात नीट वाजतो. या वयात त्यावर डोकं खपवायचं कारण नाही.

दोष एकच, पण मोठा: स्वल्पविराम. कोशाच्या जुन्या शिस्तीत जवळजवळच्या अर्थांमध्ये स्वल्पविराम आणि वेगळ्या अर्थांमध्ये अर्धविराम घालतात. 'वाजवी, रास्त; गोरा; निरभ्र; बरा, साधारण' असं छापलं तर वाचणाऱ्याला निदान चार खोल्या दिसतात. जागा वाचवायला अर्धविराम काढले, उदाहरणवाक्यं काढली आणि सगळं एका ओळीत ओतलं की मुलाला ते सहा समानार्थी शब्द वाटतात. मग 'अवर टीचर इज फेअर' याचं भाषांतर 'आमचे शिक्षक गोरे आहेत' असं होतं, आणि चूक मुलाची धरली जाते.

म्हणून या प्रकारात निवड करताना एकच निकष लावा: अर्थांना आकडे आहेत का, आणि प्रत्येक आकड्याला निदान अर्धं तरी वाक्य आहे का. वीस हजार शब्दांचा पण आकडे घातलेला कोश पन्नास हजारांच्या सपाट यादीपेक्षा कामाचा. मागची परिशिष्टं (प्राण्यांचे आवाज, देशांच्या राजधान्या, पत्रलेखनाचे नमुने) जाडी वाढवतात. त्यांचे पैसे वेगळे मोजावे लागत नसतील तर असू देत.

इंग्रजी-इंग्रजी विद्यार्थी कोश

दहावी ओलांडलेल्या कुणालाही पहिली शिफारस हीच. ए. एस. हॉर्नबी यांचा कोश १९४८ मध्ये ऑक्सफर्डने आणला, तो इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीच रचलेला होता. १९७८ च्या लाँगमन कोशाने पुढचं पाऊल टाकलं: सगळ्या व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांतच बसवायच्या. त्यामुळे एका शब्दासाठी कोश उघडला आणि व्याख्येतल्या तीन शब्दांसाठी पुन्हा उघडावा लागला, असं होत नाही.

'फेअर'साठी अशा कोशांत तीन गोष्टी मिळतात, ज्या मराठी कोशात जवळजवळ कधीच मिळत नाहीत. एक, शब्दाला कोणतं शब्दयोगी लागतं: एखाद्याशी न्यायाने वागणं 'फेअर टु', एखाद्यावर अन्याय होणं 'नॉट फेअर ऑन'. दोन, ठसे: 'जुन्या साहित्यातला', 'बोलण्यातला', 'ब्रिटिश' असे. सुंदर या अर्थाचा 'फेअर' आज कवितेपुरता उरला आहे आणि 'फेअर सेक्स' हा प्रयोग जुनाट वाटतो, हे त्या ठशावरूनच कळतं. तीन, विरुद्धार्थी शब्द अर्थागणिक. 'अनफेअर' फक्त न्यायाच्या अर्थाला लागतो. हवेचा विरुद्ध शब्द 'फाउल', वर्णाचा 'डार्क', प्रतीचा 'रफ'. शाळेत 'फेअर गुणिले अनफेअर' असं पाठ करून घेतात, त्यातले तीन हिशेब तिथेच चुकतात.

हे मोठे कोश फोनवर फुकट बघता येतात. छापील प्रत घ्यावी ती ज्याला फोन हातात दिला की अभ्यास बाजूला राहतो अशासाठी, आणि तीही मागच्या आवृत्तीची चालते. 'फेअर'चे अर्थ दर चार वर्षांनी बदलत नाहीत.

समानार्थी कोश: शेवटी घ्या

'थिसॉरस' नावाने जो विकला जातो तो हा. पीटर मार्क रॉजे यांचा पहिला थिसॉरस १८५२ चा. त्यात शब्द वर्णक्रमाने न लावता कल्पनांच्या हजार मथळ्यांखाली लावले होते. आपल्याकडे अमरकोश पाठ करणाऱ्यांना ही मांडणी नवी नाही. तिथेही स्वर्गवर्ग, भूमिवर्ग अशी घरं आणि घरात पर्यायशब्द. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक आवृत्त्या मात्र वर्णक्रमाने लावलेल्या असतात. त्या वापरायला सोप्या, आणि चुकायलाही सोप्या.

समानार्थी कोश शब्द आठवून देतो, शिकवत नाही, आणि सगळी गफलत यातून होते. 'फेअर'खाली जस्ट, इक्विटेबल, इम्पार्शल, अनबायस्ड, इव्हन-हँडेड, रिझनेबल अशी रांग असते. यातला 'जस्ट' कायद्याचा आणि नीतीचा. 'इम्पार्शल' दोन पक्षांपैकी कुणाकडेही न झुकणारा, म्हणून तो माणसाला किंवा चौकशीला लागतो, किमतीला लागत नाही. 'रिझनेबल' म्हणजे फार ताणलेलं नाही असं. वाजवी भाव तो हाच. 'इक्विटेबल' म्हणजे सगळ्यांना सारखं नव्हे, ज्याच्या त्याच्या गरजेच्या आणि हक्काच्या प्रमाणात. याला सरकारी मराठीत 'समन्यायी' हा नेमका शब्द आहे. खडकवासल्याच्या पाण्यावर शहर आणि दौंड-इंदापूर यांचा वाद पेटला की वर्तमानपत्रात 'समन्यायी पाणीवाटप' दिसतं. तिथे 'समान पाणीवाटप' लिहिलं तर अर्थच बदलतो.

वापरायची रीत अशी. आधी आपलं वाक्य पूर्ण लिहा. समानार्थी कोशातला शब्द मूळ शब्दाच्या जागी ठेवून वाक्य मोठ्याने वाचा. मग तोच शब्द विद्यार्थी कोशात उघडा आणि त्याची दोन उदाहरणवाक्यं बघा. तुमच्या वाक्यातलं नाम त्या उदाहरणांतल्या नामांच्या जातीचं असेल तरच शब्द ठेवा. शंका राहिली तर 'फेअर'च राहू द्या. साधा शब्द पुन्हा आला म्हणून परीक्षक गुण कापत नाही, चुकीचा भारदस्त शब्द आला की कापतो. विद्यार्थी कोश अंगवळणी पडण्याआधी घेतलेला थिसॉरस भाषा बिघडवतो, हे स्पष्ट सांगायला हवं.

मोल्सवर्थ उलट्या बाजूने

आता या सगळ्यांतला सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत कमी वापरला जाणारा स्रोत. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. इंग्रजी-मराठी कोशाचं काम मोल्सवर्थनी सुरू केलं आणि मेजर थॉमस कँडींनी पुरं करून १८४७ मध्ये छापलं. त्याची दुसरी आवृत्ती १८७३ ची. कँडी पुण्याचेच म्हणायला हवेत. जी संस्था पुढे डेक्कन कॉलेज झाली तिचे ते प्रमुख होते, आणि मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय त्यांनाच देतात. ज्यांच्यामुळे आपल्याला अर्धविराम मिळाला, त्यांच्याच शहरातल्या दुकानांत अर्धविराम नसलेले कोश विकले जावेत याची खंत वाटते.

मोल्सवर्थ मराठीकडून इंग्रजीकडे जातो, मग इंग्रजी शब्दाचे पर्याय त्यात कसे शोधायचे? छापील प्रतीत ते जमत नाही. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर जमतं. तिथे मोल्सवर्थची १८५७ ची आवृत्ती फुकट आहे. शोधताना मथळ्याचा शब्द न निवडता संपूर्ण मजकुरात शोधण्याचा पर्याय निवडा आणि इंग्रजी स्पेलिंग टाका. ज्या ज्या मराठी शब्दाच्या स्पष्टीकरणात तो इंग्रजी शब्द आला आहे, ते सगळे पुढ्यात येतात. इंग्रजी-मराठी कोशाचा संपादक पाच-सहा शब्दांवर थांबतो. या उलट्या शोधात जत्रेपासून हवेपर्यंत आणि वर्णापासून व्यवहारापर्यंत मराठीची सगळी कोठारं उघडतात. अनुवादकाला, लेखकाला, शब्दकोड्याची आवड असलेल्याला याहून मोठी देणगी नाही.

अडचणी आहेत, त्या आधीच माहीत असाव्यात. लेखन जुन्या पद्धतीचं आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकलेले अनुच्चारित अनुस्वार तिथे जागच्या जागी आहेत. 'नाव' सापडलं नाही तर 'नांव' टाका. प्रत्येक शब्दापुढे मूळ भाषेची खूण असते, संस्कृत, फारसी, अरबी अशी. ती दुर्लक्षू नका: तत्सम शब्द औपचारिक लेखनात बसतो, फारसी मूळचा व्यवहाराच्या भाषेत. स्पष्टीकरणाची इंग्रजी दीडशे वर्षांपूर्वीची आहे, त्यामुळे 'फेअर' तिथे आजच्यापेक्षा जास्त वेळा 'सुंदर' किंवा 'बरोबर' या अर्थाने येतो. आणि सापडलेला शब्द आज जिवंत आहे की नाही हे मोल्सवर्थ सांगू शकत नाही. त्यासाठी त्याच संकेतस्थळावरचा मॅक्सीन बर्नसन यांचा छोटा मराठी-इंग्रजी कोश बघा, तो विसाव्या शतकातल्या बोलत्या मराठीचा आहे. मराठीतून मराठी अर्थ हवा असेल तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच आहे: १९३२ ते १९३८ या काळातले सात खंड, १९५० ची पुरवणी, आणि निघाला पुण्यातून.

मोल्सवर्थची छापील प्रत घ्यायची तर पुण्यातून १९७५ साली निघालेलं पुनर्मुद्रण जुन्या पुस्तकांत शोधावं. घरात ठेवायला देखणं, जड, आणि मुलांना चाळायला द्यावं असं. रोजच्या कामाला संकेतस्थळच सोयीचं.

शासनाचा शब्दकोश

भाषा संचालनालयाने काढलेले परिभाषा कोश महाराष्ट्र शासनाच्या शब्दकोश संकेतस्थळावर एकत्र शोधता येतात. इंग्रजी शब्द टाकला की कुठल्या विषयाच्या कोशात त्याला काय म्हटलं आहे ते ओळीने दिसतं. अर्ज, करार, निविदा, न्यायालयीन कागद यांच्या भाषांतरासाठी हाच स्रोत आधी उघडावा, कारण तिथे शब्द सुंदर असण्यापेक्षा ठरलेला असणं महत्त्वाचं असतं. 'फेअर कॉपी'ला 'पक्की प्रत' लिहिणं मराठी म्हणून जास्त गोड, पण कार्यालयीन टिपणीत 'स्वच्छ प्रत'च चालते.

कायद्यात तर एका शब्दाने फरक पडतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये 'फेअर डीलिंग' आहे. 'फेअर यूज' ही अमेरिकेच्या कायद्यातली वेगळी तरतूद. दोन्हींना सरसकट 'योग्य वापर' लिहिणारे लेख मराठीत खूप आहेत. त्यातून वाचकाचा समज होतो की दोन्हीकडे नियम एकच.

या संकेतस्थळाला बोलीतलं आणि साहित्यातलं विचारू नका. 'फेअर इनफ' तिथे मिळणार नाही, आणि मिळावं अशी अपेक्षाही नाही.

फोनवरचं यंत्रभाषांतर

एकटा 'फेअर' टाकाल तर यंत्राला संदर्भ नसतो. ते सर्वांत जास्त आढळणारा अर्थ देऊन मोकळं होतं. पूर्ण वाक्य टाका, शक्य असेल तर आधीचं वाक्यही टाका. मग आलेलं मराठी दुसऱ्या खिडकीत परत इंग्रजीत करून बघा. परत आलेल्या वाक्यात 'फेअर'च्या जागी 'ब्यूटिफुल' किंवा 'मार्केट' दिसलं तर मधे गाडी घसरली आहे. रुग्णालयाचे कागद आणि करार यांना ही सोय वापरू नये.

दुकानात पाच मिनिटं

काउंटरवर कोश हातात आला की 'एफ' उघडा. नाम आणि विशेषण वेगळ्या नोंदीत आहेत का? 'बरा, साधारण' हा अर्थ आहे का? 'फेअरली'ला दोन अर्थ दिले आहेत का? 'फेअर कॉपी' किंवा 'फेअर प्राइस शॉप' यांतलं एक तरी आहे का? चारपैकी तीन जमलं तर कोश घेण्याजोगा. दुकानदार गर्दीत कुरकुरला तर दुपारी दोनच्या आधी, मधल्या दिवशी जा. जूनच्या शनिवारी संध्याकाळी बाजीराव रस्त्यावर उभं राहायलाही जागा नसते.

मग पुस्तक म्हणून तपासा. मधलं पान उघडून टेबलावर सोडा. शिवलेल्या बांधणीचं पुस्तक उघडं राहतं, नुसत्या गोंदाने चिकटवलेलं मिटतं, आणि सहा महिन्यांत त्याची पानं सुटायला लागतात. कण्याच्या टोकाकडे बघितलं तर शिलाईच्या घड्यांचे छोटे कमानीसारखे गठ्ठे दिसतात. गोंदाच्या बांधणीत तिथे सपाट कापलेली पानं दिसतात. कागदातून मागची छपाई दिसते का ते उजेडात धरून बघा. देवनागरी ठसा फार बारीक असेल तर 'न्याय्य'मधला जोडाक्षराचा दुसरा 'य' भरून जातो आणि मूल 'न्याय' वाचतं. एक नाम, एक विशेषण, वाक्य मोडलं. 'निःपक्षपाती'तला विसर्ग शाबूत आहे का, हेही त्याच नोंदीत बघून घ्या. जिथे हे शब्द नीट छापलेले आहेत तिथे मुद्रितं कुणीतरी वाचली आहेत.

जुन्या बाजारातून घेत असाल तर पहिली आणि शेवटची सोळा पानं मोजून घ्या. संक्षेपांची यादी पुढे असते आणि आधी फाटून जाते ती तीच. ती नसेल तर नोंदींतल्या खुणा वाचता येत नाहीत. मोठे, महाग कोश विकत घेण्याआधी पुणे नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसून चाळावेत. संदर्भ कोश सहसा घरी देत नाहीत, म्हणून तपासायच्या शब्दांची यादी लिहून न्या: फेअर, सेट, रन, इश्यू, चार्ज. पाच शब्द, अर्धा तास, आणि वहीत प्रत्येक कोशासमोर सापडले-नाही सापडले अशी खूण.